दवाखाना आणि भजनी मंडळ एकत्र आणून गावात 'बैठक' कशी सुरू करायची: सांगली-मिरजेच्या अनुभवातून, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

परवा तासगावकडच्या एका ताईंचा फोन आला, "तुम्ही ते दवाखान्यातल्या पेशंटांना गायला लावता ना, आमच्या गावात पण करायचंय, सुरुवात कुठून करू?" या वर्षातला हा सातवा-आठवा फोन. दरवेळी मी तासभर बोलते आणि महत्त्वाचं निम्मं विसरते, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. मिरजेत गाण्याचे क्लास घेते. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या एका गावात आम्ही चादरी-भांडी वाटायला जायचो. दोनेक महिन्यांनी वाटप संपलं, पण गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या मी देतेय, पण निम्म्या बायका येऊन सांगतात की पाऊस वाजला की छातीत धडधडतं, झोप नाही. यांना घटकाभर बसायला कुणीतरी पाहिजे." मग मी पेटी घेऊन गेले, गावातलं महिला भजनी मंडळ आलं आणि समाजमंदिरात बसलो. नाव वगैरे काही नव्हतं, बायकाच 'बैठक' म्हणायला लागल्या. आता पाच ठिकाणी चालतं. दवाखाना, भजनी मंडळ, हायस्कूलचे चित्रकलेचे सर, एक फिजिओ आणि आशाताई अशी सगळी मिळून भागीदारी आहे.

हे काही आमचं डोकं नाही. इंग्लंडमध्ये सरकारी डॉक्टर पेशंटला गाण्याच्या, चित्राच्या, बागकामाच्या गटाकडे पाठवतात, आणि 2019 पासून तिकडच्या दवाखान्यांत त्यासाठी माणसं नेमलीत, पेशंटशी बोलून त्याला योग्य गटापर्यंत पोचवायला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्येच कला आणि आरोग्य यावरचे 3000 हून जास्त अभ्यास एकत्र करून अहवाल काढला. तेव्हा कुणी "भजनाने काय होतंय" म्हणालं तर हे सांगा आणि पुढे चला, वाद घालत बसू नका.

1. आधी ठरवा, कुणासाठी

"सगळ्या गावासाठी" म्हणालात की संपलं. ते गावची जत्रा होतं. एकच गट धरा. बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला येणारे साठीपुढचे लोक, किंवा पक्षाघात झालेले आणि त्यांना सांभाळणारे घरचे, किंवा बाळंतपणानंतर घरात कोंडलेल्या पोरी. आम्ही दुसऱ्या गावात हे न ठरवता सुरू केलं, पहिल्या दिवशी शंभरावर माणूस, चौथ्या आठवड्याला फक्त भजनी मंडळाचेच नऊ जण. ज्यांच्यासाठी केलं ते मागच्या मागे निघून गेले, कारण एवढ्या गर्दीत त्यांना कुणी विचारलंच नाही. गटात 12 ते 18 माणसं बास. त्यापुढे नावं लक्षात राहत नाहीत, आणि इथं सगळं नावानं हाक मारण्यावर चालतं.

2. कुठला दवाखाना कुणाचा, हे समजून घ्या

यात माझे तीन महिने गेले म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाहेरून सगळे 'सरकारी दवाखाने' एकसारखे दिसतात, पण प्रत्येकाचा साहेब वेगळा.

गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सक. मिरजेचं आणि सांगलीचं सिव्हिल मेडिकल कॉलेजला जोडलेलं, तिथं अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज. आणि सांगली-मिरज-कुपवाड हद्दीतला नागरी दवाखाना असेल तर महापालिकेचे आरोग्य अधिकारी. मी एक अर्ज भलत्याच ऑफिसात दिला होता, तो तिथं महिनाभर टेबलावर पडून, चौकशीला गेले तर "हे आमच्याकडं येतच नाही" असं अगदी शांतपणे सांगितलं. घेतलाच कशाला मग, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

म्हणून पहिली भेट दवाखान्यातल्या डॉक्टरांची, तीही ओपीडी संपल्यावर, साडेबारा-एकच्या पुढे. त्यांना पटलं तर तेच सांगतात अर्ज कुणाच्या नावे करायचा. अर्ज एक पानी करा, दोन प्रती न्या, आवक-जावकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. "ठेवा, साहेबांना देतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. आणि बदलीचं लक्षात ठेवा. डॉक्टर बदलले की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते, कागदावरची राहते. जमलं तर रुग्ण कल्याण समितीच्या किंवा जन आरोग्य समितीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यायला लावा, इतिवृत्तात आला की नवीन साहेबांना पहिल्यापासून पटवावं लागत नाही.

3. आशाताईंना विचारा, राबवू नका

इंग्लंडने जे काम करायला पगारी माणसं नेमली ते आपल्याकडे आशाताई कधीपासून करतायत. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, कुठल्या घरात कोण खाटेवर आहे, कुठली सून आठ दिवस बोलली नाही, सगळं तिला माहीत. आमच्या बैठकीला आलेली जवळपास सगळी माणसं आशाताईंनी हाताला धरून आणलेली आहेत, बॅनर वाचून एकही आलेलं नाही.

पण त्यांच्या डोक्यावर आधीच सतरा सर्व्हे असतात, आणि मिळतं त्यातला काही भाग कामामागे. त्यात आपण "ताई जरा पेशंट गोळा करा ना" म्हणून फुकटचं अठरावं काम टाकायचं, हे बरोबर नाही. आम्ही प्रवासखर्च देतो, लसीकरणाच्या आणि मीटिंगच्या दिवशी बैठक ठेवत नाही, आणि यादी लिहायचं, फोन करायचं काम आपण करतो. त्यांनी फक्त नाव सुचवायचं आणि पहिल्या वेळी बरोबर यायचं. एक आशाताई आता स्वतःसाठी येते, कोपऱ्यात डोळे मिटून टाळ वाजवते, तिला त्या वेळात आम्ही एक शब्द कामाचा विचारत नाही.

4. कलाकार कसा निवडायचा

आपल्या भागात कलाकारांना तोटा नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर रंगवलं तेव्हापासून नाटकाचं वेड आहे, मिरजेत सतारी बनतात, आटपाडी-जतकडे धनगरी ओव्या आणि गजनृत्य, वाळव्याकडे शाहिरी, भजनी मंडळ तर प्रत्येक आळीत. अडचण वेगळीच आहे. चांगला कलाकार स्टेजवर रंगतो, आणि इथं स्टेज नाही.

एका शाहिरांना आम्ही हौसेने बोलावलं. आवाज असा की भिंत हादरावी. चाळीस मिनिटं पोवाडा झाला, आज्या खूश, टाळ्या कडकडून. पण एकाही आजीनं तोंड उघडलं नाही. आणि तेच एका भजनी मंडळातल्या मावशी, आवाज बेताचा, एक ओळ म्हणून थांबायच्या आणि शेजारणीकडे बघायच्या, "तुमच्यात कशी म्हणत्यात ही?" की लगेच चार चाली निघायच्या आणि भांडणं सुरू, "न्हाय न्हाय, आमच्याकडं असं न्हाय!" आम्हाला हव्या त्या या मावशी. म्हणून निवडताना कलाकाराला गाऊन दाखवा म्हणू नका, दहा मिनिटं चार म्हाताऱ्या माणसांत बसवा आणि बघा कोण जास्त बोलतंय.

मानधन ठरवून द्या, आणि ते पहिल्याच दिवशी बोला. 'सेवा आहे' म्हणून फुकट बोलावलेला माणूस तिसऱ्या आठवड्याला लग्नाची सुपारी आली की जातो, आणि त्याचं चुकत नाही.

5. वार, वेळ, जागा

वार एकदा ठरला की बदलायचा नाही, दोनच माणसं आली तरी बसायचं. पण सुरुवात कधी करायची ते शेतीचं बघून ठरवा. तासगाव-पलूसकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू असताना दुपारी गावात माणूस सापडत नाही, एप्रिलच्या खरड छाटणीला तेच. ऊसपट्ट्यात कारखाने पेटले की वेगळीच घाई. आम्ही जूनच्या शेवटाला धरतो, आणि बारा आठवडे करतो. पूरपट्ट्यात असाल तर मात्र जुलै-ऑगस्टमध्ये रस्ता बंद होतो, तिथं जानेवारी बरा. दुपारी तीन ते सव्वाचार ही वेळ बायकांना जमते, जेवणं-भांडी झालेली असतात आणि धारेला वेळ असतो. एसटीची वेळ बघा, नाहीतर चार वाजले की निम्मी बैठक पिशव्या उचलते.

जागेबाबत हे बघाच:

- दवाखान्याच्या आवारात माईक-स्पीकर नको. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार दवाखान्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तसंही पंधरा माणसांत माईक कशाला.
- सतरंजीबरोबर खुर्च्या हव्यातच. गुडघेदुखीवाले सतरंजी बघून दारातूनच परत जातात आणि कारण सांगत नाहीत.
- हवा खेळती पाहिजे, शक्यतो व्हरांडा किंवा पार. मोठ्याने गाताना तोंडातून थेंब उडतात, आणि टीबी हवेतून पसरतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल त्याची आधी थुंकी तपासून घ्यायची, हे डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी ठरवा.
- रांगोळी काढायला सगळ्यांना आवडते, पण भुकटी नाकात जाते. दमेकरी असतील तर ओल्या रंगाने किंवा फुला-पाकळ्यांनी काढा.
- शौचालय चालू आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे. हसू नका, आमची एक पूर्ण बैठक या किल्लीपायी गेलीये.

6. एक बैठक कशी जाते

पहिली दहा मिनिटं चहा आणि नावं. मग श्वास, पण प्राणायाम वगैरे म्हणत नाही, नुसता एक 'हरी' लांबवायचा, ज्याला जेवढा जमेल तेवढा, स्पर्धा नाही. दम लागणाऱ्यांना आणि हृदयाच्या पेशंटना खालच्या पट्टीत, बसून. पेटी काळी दोनला लावून गायची हौस आपल्या क्लासमध्ये, इथं पट्टी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची.

मग अर्धा तास गाणं किंवा ओवी. जात्यावरच्या ओव्या सत्तरीच्या पुढच्या बायकांना अजून तोंडपाठ आहेत, पण "ओवी म्हणा" म्हटलं की लाजतात. आम्ही खरोखरचं जातं आणून ठेवलं. खुंट्याला हात लागला की ओवी आपसूक येते, मी शपथेवर सांगते. पहिल्या गावात एका आजीनं तिसऱ्या आठवड्यात जातं फिरवता फिरवता स्वतःची जोडली:

आली किस्नामाई, माज्या उंबऱ्याच्या आत,
दळणाचा डबा नेला, ठिवली रिकामी परात.

कुणीच काही बोललं नाही. जातं तसंच फिरत राहिलं, पीठ बाजूला पडत होतं. मग शेजारच्या बाईनं तिचं म्हशीचं कडवं जोडलं, मग तिसरीनं. त्या दिवशी चित्रं काढायची होती, राहून गेली, राहू द्यायची असतात.

आता माझी चूक सांगते. एका ठिकाणी पक्षाघात झालेले आजोबा यायचे, उजवी बाजू गेलेली, बोलणं म्हणजे "हं" आणि "नको" एवढंच. पाचव्या बैठकीला 'ज्ञानोबा माउली तुकाराम' गजर चालू होता आणि आजोबा म्हणायला लागले, स्पष्ट, शब्दांसकट. आजींनी टाळ खाली ठेवला, "अगं बया, बोललं की ह्ये!" सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, मी तर रस्ताभर फोन करून सांगत सुटले की आजोबांना वाचा आली. दुसऱ्या दिवशी घरी त्यांना 'पाणी' म्हणता येईना. मुलगा वैतागला, "तिथं बोलता, हितं का न्हाय?" आजोबा पुढचे दोन आठवडे आलेच नाहीत.

आमच्या फिजिओने मग मला समजावलं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, तिथं इजा झाली तरी पाठ असलेलं गाणं काही जणांना म्हणता येतं, कारण सूर-लयीचं बरंचसं काम उजवी बाजू करते. त्यावरून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1973 च्या सुमारास सुरातून बोलणं शिकवायची पद्धतही बसवली, पण ती वाचा-उपचार तज्ज्ञाने शिस्तीत करून घ्यायची असते, दोन शब्द, तीन शब्द, असं महिनोन् महिने. गजर म्हणता आला म्हणजे बोलणं परत आलं असं नाही. असं काही दिसलं तर गाजावाजा न करता डॉक्टरांना कळवा आणि घरच्यांना आधीच नीट सांगा. आजोबा नंतर परत यायला लागले. मुलगाच आणून सोडतो आता.

7. काय बोलायचं नाही

बॅनरवर, व्हॉट्सॲपवर, भाषणात कुठेही "संगीताने मधुमेह बरा" असलं काही येता कामा नये. रोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातींवर 1954 पासून कायदा आहे, पण कायद्यापेक्षा मोठी भीती ही की कुणीतरी गोळी बंद करतं. आमच्यात प्रत्येक बैठकीत विचारतो, "गोळी घेतली का सकाळची?" आणि मगच पेटी उघडतो.

मिरजेत लोक गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं उदाहरण देतात. कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्याने डोळे दुखावले म्हणून उपचाराला मिरजेत आणला, इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला आणि पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मी पण हे सांगते, पण शेपटासकट सांगते, गाण्याने डोळे काही पूर्वीसारखे झाले नाहीत.

कुणी रडलं तर गाणं थांबवायची गरज नाही, एकीने शेजारी जाऊन बसायचं. पण "जगावंसं वाटत नाही" असं कुणी बोललं तर ते बैठकीत सोडवायला जाऊ नका, माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आमच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

8. कागदपत्रं

सुरुवातीला संस्था नोंदवायची गरज नाही. सगळे तिथंच अडकतात, नाव काय, अध्यक्ष कोण, आणि बैठक राहते बाजूला. पहिले बारा आठवडे एवढ्यावर होतं:

- दवाखान्याचं परवानगीपत्र, आवक नंबरसह
- जागेसाठी ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं पत्र
- कोण काय करणार याचा एक पानी करार: दवाखाना, मंडळ, तुम्ही, तिघांच्या सह्या
- प्रत्येकाचं संमतीपत्र, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवून. फोटोची संमती वेगळी घ्या
- हजेरी वही, त्यात घरच्यांचा फोन नंबर. आजाराचं नाव यात लिहायचं नाही, ते दवाखान्याच्या रजिस्टरला
- खर्चाची वही आणि पावत्या

फोटोवर जरा थांबते. एका पाहुण्यांनी बैठकीचे फोटो स्टेटसला टाकले, 'मानसिक रुग्णांसोबत काही क्षण'. त्यातल्या एका मुलीचं स्थळ चाललं होतं. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून पाहुणे आले की फोन पिशवीत.

संस्था काढायची झालीच तर 1860 च्या सोसायटी कायद्याला किमान सात जण लागतात, आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद, दोन्ही धर्मादाय कार्यालयात. वर्षभर काम चाललं तर करा.

9. पैसे

आमचा मोठा खर्च म्हणजे मानधन, आशाताईंचा आणि पेशंटांचा प्रवास, चहा. सतरंज्या गणपती मंडळाने दिल्या. सगळेजण सुचवतात "कारखान्याकडून सीएसआर घ्या", म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा, पण सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, कंपनी कायद्यातली नफ्याच्या दोन टक्क्यांची अट त्याला लागू नाही. ते देतील ते मनाने, चेअरमनना भेटून. खरी कंपनी असेल तर तिच्या सीएसआरच्या यादीत आरोग्यही बसतं आणि पारंपरिक कलाही, पण तिथं नोंदणीकृत संस्था, आयकराच्या 12 ए आणि 80 जी नोंदी, सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-1 नंबर, शिवाय साधारण तीन वर्षांचं काम मागतात. पहिल्या वर्षी तो नाद नको.

आणि उद्घाटन नको. हार-नारळ-स्टेजमध्ये आमचं दोन महिन्यांचं मानधन गेलं होतं.

10. फरक पडतोय का, कसं बघायचं

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक यादी आहे, गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरीज करून चारने गुणायची, म्हणजे शंभरपैकी येतं. पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या बैठकीला घ्या. 50 किंवा खाली आलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला, ते पुढचं बघतील. स्वतः निदान करू नका. गुण वाढले तरी "आमच्यामुळेच" म्हणू नका, मधे पाऊस पडलेला असतो, मुलगा पुण्याहून आलेला असतो.

आम्ही हजेरी जास्त बघतो. सलग दोन वेळा नाही आलं की तिसऱ्या दिवशी घरी.

पहिल्या दिवशीच्या पिशवीत: पेटी, चार टाळजोड, डफ, जाड खडू आणि कार्डशीट, हजेरी वही, मोठ्या अक्षरातली गाणी, साखरेचं पाकीट शुगर उतरली तर, पाण्याचा जार, पुसायला फडकं. पेटीवर पाण्याचा ग्लास ठेवू देऊ नका. कुणीतरी ठेवतंच.